तेवीस वाल

हरेश मढवी संध्याकाळी कागद फडकवत आला.
"बाई, दुपटीहून जास्त! फ्लेक्स टाकायचा का?"

रस्त्याकडची ओळ: घरं बारा, झोप मोडली सातांची.
आतली ओळ: घरं अकरा, झोप मोडली तिघांची.
टक्के त्याने लाल पेनाने काढलेले,
अठ्ठावन्न आणि सत्तावीस,
खाली दोन-दोन रेघा,
जशा मी कॉलेजात असताना
पोरांच्या शेवटच्या उत्तराखाली मारायचे.

रबाळ्याची आमची चाळ, ठाणे-बेलापूर रस्त्याला खेटून.
प्रश्न एकच, प्रियलने दारोदार विचारलेला:
गेल्या आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री
तुमची झोप मोडली का?

मी म्हटलं, बस. चहा घे.
सातांतली एक शेवंता केणी.
तिची सून नुकतीच बाळंत झालीय.
तिला ट्रेलरने उठवलं की नातवाने,
हे त्या बरोबरच्या खुणेला ठाऊक नाही.
आणि "नाही" म्हणणाऱ्यांत गोतपागर, कायमची रात्रपाळी.
जो रात्री झोपतच नाही त्याचं मोडणार काय?
शेवंताचं एक उत्तर फिरव,
अठ्ठावन्नाचे पन्नास.
एका तान्ह्याचं पोट दुखलं नसतं
तर तुझा फ्लेक्स आठ टक्क्यांनी खाली.

तो गप्प. बिस्किट चहात कधीच विरघळलं होतं.

रात्री भांडी झाल्यावर श्रीखंडाचा रिकामा डबा काढला.
दहा चिंचोके, म्हणजे जागे.
तेरा कडवे वाल, म्हणजे झोपलेले.
समजा, रस्त्याचा कशाशीच संबंध नाही,
कोण कुठल्या ओळीत, हे सिडकोच्या सोडतीसारखं,
निघेल तसं.
डोळे मिटून बारा उचलायचे, ते रस्त्याकडचे.
उरले ते आतले.
मोजायचं, पाटीवर रेघ, परत डब्यात, खळखळ.

पहिल्या पंधरा खेपा पुसून टाकल्या.
चिंचोका बोटांना कळत होता,
बोटं माझ्या मनासारखं करत होती.
मग तेवीसही वालच घेतले,
दहांना शाईचा ठिपका, वाळेपर्यंत पंख्याखाली,
आणि पुन्हा एकपासून.

शंभर खेपा.
सात-तीनाइतकं, नाहीतर त्याहून मोठं अंतर,
कधी या ओळीकडे, कधी त्या,
बावीस वेळा आलं.
रस्ता नव्हता, ट्रेलर नव्हता,
नुसते वाल होते.

"म्हणजे फरक नाही," सकाळी मढवी म्हणाला,
चेहरा असा, जणू मीच रस्ता बांधला.
"नाही असं नाही म्हटलं. कळत नाही, असं म्हटलं."
"एकच की ते!"
"तुझे वडील खाडीत जायचे ना?
मोठ्या आसाचं जाळं टाकून
कोलीम लागली नाही, तर घरी काय सांगायचे,
खाडीत कोलीमच नाही?"
तो हसला, मग हसायचा थांबला.
"जाळं बदला म्हणायचे. आई मात्र ऐकायची नाही."
तेवीस घरं म्हणजे फार मोठा आस, हरेश.
यातून देवमासा तेवढा अडकेल,
आपलं दुखणं कोलमीएवढं असलं तरी
रोजच्या रोज दुखतंच.

फ्लेक्सचे पैसे वाचले, ते वहीला लागले.
दोनशे घरं, चिंचपाड्यापर्यंत.
आता विचारायचं: झोप कशाने मोडली?
आणि: रात्री घरी असता का?
प्रियल म्हणते, चपलेचे पैसे वेगळे.

एक राहिलं.
बारांतलं सातवं दार माझं.
समोर "नाही" लिहिलंय, आणि ते खोटं नाही:
त्या आठवड्यात मी बदलापूरला होते, बहिणीकडे.
हे मढवीला अजून सांगायचंय.
काल मात्र दीड वाजेपर्यंत जागी होते, वाल मोजत.
बाहेरून ट्रेलर जात होते.
किती, ते मोजले नाहीत.